भागवून घेतलेली बोट

24 फेब्रुवारी 1944, गुरुवार. बर्कनहेड, इंग्लंड. 50 दिवस बाकी.

लिव्हरपूलच्या समोरच्या काठावरून ‘फोर्ट स्टिकिन’ ही मालवाहू बोट निघाली. नोंदीत 7,142 टनांची. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ. मुक्कामाचे ठिकाण मुंबई.

ही बोट नडीतून जन्मली होती. जर्मन पाणबुड्या ज्या वेगाने बोटी बुडवत होत्या, त्या वेगाने नव्या बोटी बांधणे ब्रिटनच्या गोद्यांना झेपत नव्हते. पोलाद कमी, कारागीर कमी, वेळ तर नव्हताच. तेव्हा ब्रिटिशांनी एक साधा, जुन्या वळणाचा आराखडा निवडला, तो कॅनडाला पाठवला आणि त्याच बेताच्या बोटी एकामागून एक बांधून घेतल्या. शिंप्याने एकाच मापाचे सदरे बेतावेत तशा. कोळशावर चालणारे इंजिन, डौल नाही, वेग नाही. नावे ‘फोर्ट’पासून सुरू होणाऱ्या अशा बोटींची संख्या दोनशेच्या घरात गेली. ‘फोर्ट स्टिकिन’ त्यांतलीच, 1942 मध्ये प्रिन्स रुपर्टला बांधलेली. ज्यांनी ही युक्ती काढली ते हुशार लोक होते. ती नसती तर महायुद्धाचा माल हलवणे फार अवघड झाले असते.

बोटीत 1,395 टन स्फोटके आणि दारूगोळा होता. त्यांतली 238 टन स्फोटके ‘अ’ वर्गाची, म्हणजे सर्वांत नाजूक. शिवाय टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, खोक्यांत बंद केलेली विमाने. आणि 31 पेट्यांत सोन्याच्या 124 विटा, किंमत सुमारे 8 लाख 90 हजार पौंड.

इथवर सगळे ठीक होते. स्फोटके स्फोटकांसारखी ठेवली होती.

30 मार्च, गुरुवार. कराची. 15 दिवस बाकी.

विमानांची खोकी कराचीत उतरली. बोटीत जागा रिकामी झाली.

1944 साली रिकामी जागा घेऊन बोट पुढे नेणे म्हणजे भरल्या घरात अन्न टाकून देण्यासारखे होते. रेल्वे लष्कराच्या मालात अडकलेली. कराचीच्या धक्क्यावर कापूस पडून, मुंबईला कापूस हवा आणि मुंबईलाच निघालेली एक अर्धी रिकामी बोट समोर उभी. असा मेळ जुळवणारा कारकून शांततेच्या काळात शाबासकीला पात्र ठरला असता.

भरला गेलेला माल असा : कापसाच्या 8,700 गाठी, वंगणतेलाची पिंपे, इमारती लाकूड, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ, मासळीचे खत.

कप्तान नेस्मिथ यांनी हरकत घेतली. ती टिकली नाही. नियमांत बसवायचे तर बोट अर्धी रिकामी न्यावी लागली असती. भागवून घ्यायचे ठरले.

‘भागवणे’ हे क्रियापद मराठी घरात कौतुकाने वापरले जाते. ‘तिने एवढ्याशा पगारात कसे भागवले देव जाणे.’ त्यात काटकसर आहे, कल्पकता आहे, थोडा अभिमानही आहे. महायुद्धाच्या पाचव्या वर्षी सगळे साम्राज्यच भागवत होते. हिंदुस्थानातली घड्याळेसुद्धा 1 सप्टेंबर 1942 पासून एक तास पुढे सरकवलेली होती, दिवसाच्या उजेडात काम भागावे म्हणून.

एप्रिलचा पहिला आठवडा. कराची.

माल रचण्याचे काम. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या पुढून दुसऱ्या खणात, तळाशी कापूस गेला. त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके होती.

कापसाच्या दाबून बांधलेल्या गाठीविषयी दोन गोष्टी गिरणगावातल्या कुणालाही ठाऊक होत्या. एक, ती पेटते तेव्हा भडकत नाही. आत धुमसत राहते, तासन् तास, बाहेर नुसता धुराचा वास. दुसरी, तिच्यावर पाणी ओतले तर ते गाभ्यापर्यंत लवकर पोचत नाही. गाठ पाण्यावर तरंगते, आत निखारा तसाच.

ज्यांनी माल रचला त्यांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ठाऊक असून त्यांनी जे केले त्याला मूर्खपणा म्हणणे सोपे आहे. त्यांच्यापुढे एक बोट होती, एवढा माल होता आणि मागे रांग होती.

12 एप्रिल, बुधवार. मुंबई. दोन दिवस बाकी.

‘फोर्ट स्टिकिन’ व्हिक्टोरिया गोदीत शिरली आणि एक नंबरच्या धक्क्याला लागली.

युद्धापूर्वी असे होत नसे. स्फोटकांची बोट गोदीबाहेर खुल्या पाण्यात नांगरून उभी करत आणि माल पडावांत उतरवून घेत. हे काम संथ असे. युद्धात बोटी एवढ्या येऊ लागल्या की बाहेर उभ्या ठेवून भागेना. म्हणून त्यांना गोदीत, इतर बोटींच्या शेजारी, गोदामांच्या आणि वस्तीच्या जवळ आणायची सूट मिळाली.

आणखी एक नियम होता. धोक्याचा माल असलेल्या बोटीने तांबडा झेंडा लावायचा. युद्धात तोही सोडून दिला होता. तांबडा झेंडा म्हणजे शत्रूला हेरून दिलेले लक्ष्य. तर्क बिनचूक होता. त्या दिवशी गोदीत उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटींवरच्या माणसांना शेजारी काय आले आहे हे कळायचा मात्र दुसरा मार्ग राहिला नाही.

‘अ’ वर्गाची स्फोटके धक्क्यावर उतरवायची नाहीत, थेट पडावांत उतरवायची, हा नियम शाबूत होता. पण पडाव आले नव्हते.

13 एप्रिल, गुरुवार. दुपार. सुमारे 28 तास बाकी.

पडाव आले. तोवर गोदी कामगारांच्या टोळ्यांनी दुसरा माल काढायला घेतला होता. मासळीचे खत, तेलाची पिंपे. कुजक्या वासाचा माल आधी निघाला.

स्फोटके हळूहळू उतरू लागली. सोन्याच्या पेट्या आतच होत्या.

14 एप्रिल, शुक्रवार. दुपारी 12.30. तीन तास 36 मिनिटे बाकी.

जेवणाची सुट्टी. टोळ्या बोटीवरून खाली उतरल्या.

पुढच्या तासाभरात केव्हा तरी आसपासच्या बोटींवरच्या काही जणांना ‘फोर्ट स्टिकिन’च्या हवा खेळवायच्या नळीतून धुराची रेघ दिसली. त्यांनी ती पाहिली आणि आपापल्या कामाला लागले. गोदीत धूर कुठे ना कुठे दिसतोच. त्या बोटीवर कापूस आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, दारूगोळा आहे हेही नव्हते.

आग कशाने लागली हे कधीच नक्की झाले नाही. कुणाची तरी विडी किंवा सिगारेट, हा सर्वांत जास्त संभवनीय तर्क.

दुपारी 1.30. दोन तास 36 मिनिटे बाकी.

काम पुन्हा सुरू.

दुपारी 1.45 च्या सुमारास.

दोन नंबरच्या होल्डमधले कामगार ओरडत वर आले. डाव्या कुशीकडून, खालच्या गाठींमधून धूर येत होता. बोटीवरच्या खलाशांनी आणि धक्क्यावर तैनात असलेल्या छोट्या पंपाच्या माणसांनी रबरी नळ आत सोडले. पाणी पडले. धूर दाट झाला. आगीचे मूळ दिसेना.

कापसाची आग आहे, पाण्याने विझेल, असे त्यांना वाटले. नुसत्या कापसाची असती तर त्यांचे बरोबर ठरले असते.

दुपारी 2.16. एक तास 50 मिनिटे बाकी.

धक्क्यावरच्या अग्निशमन अधिकाऱ्याने एका माणसाला टेलिफोनकडे पिटाळले. निरोप मोठ्या आगीचा द्यायचा होता, म्हणजे जास्त बंब निघाले असते. टेलिफोनवरून थेट नंबर फिरवता येईना. त्या माणसाने वेळ घालवला नाही. जवळच्या आगीच्या सूचनापेटीची काच फोडली. प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

सूचनापेटी एकच गोष्ट सांगू शकते : इथे आग आहे. केवढी, कशाची, हे तिला सांगता येत नाही. नियंत्रण कक्षाने नेहमीच्या आगीला पाठवतात तसे दोन बंब पाठवले.

दुपारी 2.25 च्या सुमारास.

दोन बंब पोचले. बोटीत काय आहे हे तिथे कळले. अधिक बंबांसाठी निरोप गेला.

अडीच ते तीनच्या दरम्यान.

लष्कराच्या दारूगोळा खात्याचे कॅप्टन ब्रिन्ली ओबर्स्ट बोटीवर आले. त्यांनी मालाच्या रचनेचा नकाशा पाहिला. बोटीत सबंध गोदी उडवून द्यायला पुरेसा दारूगोळा आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचा सल्ला एकच होता. बोट बुडवा.

त्यांना सल्ला देता येत होता, हुकूम देता येत नव्हता.

मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स आले. पोर्ट ट्रस्टच्या गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर आले. कप्तान नेस्मिथ होतेच. एका धक्क्यावर, एका बोटीभोवती चार अधिकारी, आणि चौघांचे चार धनी.

इथे घड्याळ थोडे थांबवतो. पुढचा तास या घटनाक्रमाचा गाभा आहे. त्या तासात कुणी हात बांधून उभे नव्हते, सुचण्यातही कुणी कमी पडले नाही.

पहिला उपाय, बुडवणे. गोदीत पाण्याची खोली तेवढी नव्हती. बोट तळाला टेकली असती आणि वरचे मजले, जिथे स्फोटके होती, कोरडेच राहिले असते. बोट खुल्या समुद्रात असती तर हा उपाय चालला असता. वेळ वाचवण्यासाठी ती आत आणली होती.

दुसरा, बाहेर काढणे. सॅडलर यांचे म्हणणे हे होते. टगबोटी लावा, गोदीच्या तोंडातून ओढत बंदराबाहेर न्या. पण बोट हलली की धक्क्यावरच्या बंबांचे नळ सुटणार. पाण्याचा मारा थांबला की आग स्फोटकांना भिडणार. कूम्ब्स यांना अजून आग आटोक्यात येईल अशी आशा होती. आणि शेकडो टन स्फोटके पेटत्या कापसावर घेऊन, दाटीने उभ्या बोटींच्या शेजारून ती न्यायची कुणी? म्हणजे, हुकमावर सही कुणाची?

कप्तान वरून हुकमाची वाट पाहत होते. कूम्ब्स यांचे काम आग विझवणे, ते ते करत होते. ओबर्स्ट आपला सल्ला पुन्हा पुन्हा देत होते.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, असे आपण म्हणतो, आणि त्यात हरीचा शहाणपणा गृहीत धरतो. इथे हरी चार होते आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पाय.

या सगळ्या वेळात गोदीभर धोक्याची सूचना दिली गेली नाही. शेजारच्या बोटींवर माल चढत-उतरत होता. धक्क्यावर बघ्यांची गर्दी जमली होती.

दुपारी तीनच्या पुढे. सुमारे एक तास बाकी.

डाव्या कुशीवर एका जागी रंगाला फोड येऊ लागले. आगीचा पत्ता लागला. पोलादाच्या पत्र्यापलीकडे, नेमके तिथे.

तिसरा उपाय सुचला तो यातूनच, आणि मला तो त्या दुपारचा सर्वांत कल्पक वाटतो. वरून पाणी ओतण्यात अर्थ नाही, धुरामुळे दिसत नाही. तर पत्राच कापा. कुशीला भगदाड पाडा आणि नळ थेट आगीच्या तोंडात घाला.

गॅस कटर मागवला. तो यायला वेळ लागला. आला तेव्हा चालला नाही.

दुपारी साडेतीनच्या सुमारास.

32 नळ चालू होते. बोटीच्या पोटात 900 टनांहून अधिक पाणी ओतले गेले होते.

ते पाणी काय करत होते हे उलगडून सांगायला हवे. होल्ड खालून भरत होता. पाणी उष्णतेने उकळत होते. कापसाच्या गाठी त्यावर तरंगू लागल्या होत्या आणि पाण्याची पातळी चढेल तशा त्याही वर चढत होत्या. आतून पेटलेल्या गाठी. त्यांच्या वरच्या मजल्यावर स्फोटके.

आग खाली राहावी म्हणून ओतलेले पाणी ती वर उचलत होते. ओतणे थांबवावे तर आग मोकळी सुटणार. नळ चालूच ठेवले.

दुपारी 3.50. 16 मिनिटे बाकी.

होल्डच्या तोंडातून ज्वाळा वर उसळली, बोटीच्या डोलकाठ्यांपेक्षा उंच. बोट सोडण्याचा हुकूम झाला. खलाशी आणि अग्निशमन दलाचे जवान धक्क्यावर उतरले. बऱ्याच जवानांनी तिथून पुन्हा नळ धरले आणि पाण्याचा मारा चालू ठेवला.

त्या दुपारी ठामपणे दिलेला आणि सर्वांनी ऐकलेला हा पहिला हुकूम.

16 मिनिटांत धक्क्यावरून गोदीच्या फाटकापर्यंत चालत जाता येते. बघ्यांपैकी काही गेले. कप्तान नेस्मिथ गेले नाहीत.

दुपारी 4.06.

बोटीचे दोन तुकडे झाले. 12 किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. जमिनीचा हादरा कुलाबा वेधशाळेतल्या यंत्रावर नोंदला गेला आणि सुमारे 1,400 किलोमीटर दूर सिमल्यातही. गोदीच्या पाण्यातून उठलेल्या लाटेने सिंदिया कंपनीची ‘जलपद्म’ ही सुमारे चार हजार टनांची बोट उचलून धक्क्यावर आपटली.

पेटता कापूस मांडवीच्या आणि आसपासच्या वस्त्यांवर पडला. गोदामांवर पडला. धान्याच्या गोदामांवरही.

दुपारी 4.34.

दुसरा स्फोट. बोटीच्या मागल्या भागातली स्फोटके 28 मिनिटे थांबली होती.

त्यानंतर.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचे आकडे 800 पासून 1,300 पर्यंत सांगितले जातात. टोळ्यांतल्या रोजंदारीच्या माणसांची मोजदाद तेव्हा काटेकोर नसे, त्यामुळे फरक राहिला. सुमारे 80,000 लोक बेघर झाले. अकरा शेजारच्या बोटी बुडाल्या किंवा बुडायला लागल्या. सुमारे 50,000 टन धान्य गेले. शहरात रेशन सुरू होऊन वर्ष होत आले होते आणि बंगालचा दुष्काळ अजून सरला नव्हता.

गोदीपासून मैलभर अंतरावरच्या एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून सोन्याची एक वीट आत पडली. त्यांनी ती परत केली. बाकीच्यांतल्या काही गाळ उपसताना कित्येक वर्षे सापडत राहिल्या.

15 एप्रिलला ही बातमी जगाला जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सविस्तर सांगितली. मुंबईच्या वार्ताहरांना आपल्या डोळ्यांनी पाहिलेले बाहेर पाठवण्याची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. धोक्याचा झेंडा लावला तर शत्रूला कळेल, ही विचाराची चाल तशीच पुढे चालली होती. शत्रूला दुसऱ्याच दिवशी कळले होते.

सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसायचा होता. 8,000 माणसे सात महिने तेच करत होती. मुंबईची गोदी बंद ठेवून भागणार नव्हते. बोटी खोळंबल्या होत्या.

मृतांत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण होते. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे. 14 एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी जवान गणवेशात मंत्र्यांकडे, अधिकाऱ्यांकडे जातात आणि त्यांच्या छातीवर एक छोटा झेंडा टाचतात.